व्हरांड्याचा जुना रंग

मेरीबरो,
गुरुवार, १७ ऑक्टोबर

प्रिय ब्रॉन,

आशीर्वाद. तू, मार्टिन आणि फ्लिन मजेत असाल अशी आशा करतो. मी ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण मी त्याला दाद देत नाही. इकडे पावसाचं नाव नाही, नदी पार खाली गेलीय. मागच्या आंब्याला बारक्या कैऱ्या धरल्यात, वटवाघळं त्यातल्या आपल्यासाठी किती ठेवतील ते बघायचं. शेजारच्या डॉसनांनी नवा कुत्रा आणलाय. कुत्रा कसला, आगाऊ प्राणी आहे, टपालवाल्याला सोडून सगळ्यांवर भुंकतो.

नोएलीन आत्या माझ्या समोर बसलीय. आत्ताच तिनं मान लांब करून पान वाचलं आणि म्हणाली, "डेस, त्या पोरीला तू कैऱ्यांचं काय सांगत बसलायस?" मी म्हटलं, फाडतो आणि नव्यानं लिहितो. तर म्हणते, "फाडू नकोस. सकाळपासून तेच करतोयस. जे आलंय त्याच्या पुढे लिही." तिनं चहा टाकलाय आणि गाडीची किल्ली टेबलावर माझ्या हाताशी ठेवलीय, मला दिसेल अशी. तुला तुझी आत्या माहीत आहे.

तर कामाचं आधी.

सकाळी तिनं तुला फोन केला तो इथून, माझ्या स्वयंपाकघरातून. अंडी खराब आहेत, सगळी फेकून दे, असं ती म्हणाली. तू म्हणालीस की फ्लिननं आत्ताच नाश्त्याला दोन खाल्ली. मी शेजारीच उभा होतो, मला ऐकू आलं.

ती अंडी नासलेली नाहीत. त्यांच्यात शिसं आहे. जुन्या रंगातलं शिसं. फ्लिनचं रक्त तपासायला हवं, आणि ते आजच. नोएलीननं तुमच्या तिथल्या दवाखान्यात दुपारची वेळ घेऊन ठेवलीय. फोनवर हे सांगायला ती तयार झाली नाही. म्हणाली, अर्धं ऐकून ब्रॉन फोन ठेवेल आणि तशीच पोराला घेऊन एकटी गाडी काढेल, मी समोर असले पाहिजे. म्हणून ती पत्र तुझ्या हातात देऊन दारात थांबेल आणि गाडी तीच चालवेल. तू वाचलं नाहीस तर ती तोंडानं सांगणार आहे. पण आधी डेसनं आपल्या हातानं लिहायला हवं, असं तिचं म्हणणं.

इथवर वाचून निघायचं असेल तर नीघ. बाकीचं तिथे बसून वाच. पण वाच, ब्रॉन. डॉक्टर जे विचारतील त्याची उत्तरं पुढे आहेत आणि ती माझ्याशिवाय कुणाकडे नाहीत.

आत्या तुला जी अंडी आणून देते ती गुरुवारच्या बाजारातल्या एका माणसाकडून घेते, असं तिनं तुला सांगितलंय. तो माणूस मी आहे.

तिला दोष देऊ नकोस. ती खोटं बोलायला तयारच नव्हती. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा म्हणाली, "मी तुझ्या पोरीशी खोटं बोलणार नाही. तुला द्यायचीच असतील तर बाजारात उभा राहा आणि तिथे माझ्या हातात दे. मग बाजारातल्या माणसाकडून आणली म्हणताना माझी जीभ अडखळायची नाही." म्हणून दर गुरुवारी मी स्वच्छ शर्ट घालून टाउन हॉलच्या कोपऱ्यावर अंड्यांचा एक डबा घेऊन उभा राहतो. माझा गाळा नाही, पाटी नाही. लोक विचारतात विकायला आहेत का, मी म्हणतो, ठरलेली आहेत. मग आत्या येते, मला अनोळखी असल्यासारखं "गुड मॉर्निंग" म्हणते आणि डबा घेऊन जाते. तुला हसू यायचं नाही, पण आम्हा दोघांना यायचं.

तू माझा फोन घेत नाहीस हे मी समजू शकतो. तुझी आई जाऊन वर्षही झालं नव्हतं आणि मी ग्लेन्डाला घरात आणली, आणि तिनं तुझ्या आईची कपाटं रिकामी केली तेव्हा मी तिला थांबवलं नाही. तू तिचे कपडे, तिचं शिवणाचं सामान घ्यायला आलीस आणि कपाटात ग्लेन्डाचे स्वेटर होते. त्या दिवशी तू जे बोललीस ते बोलायला तुझा हक्क होता. ग्लेन्डाही पुढे टिकली नाही. त्या दिवशी फ्लिन तुझ्या कडेवर झोपला होता, त्यानंतर तू त्याला माझ्याकडे आणलं नाहीस. तर अंडी ही अशी सुरू झाली. तू माझ्या हातचं काही घेणार नाहीस हे माहीत होतं, पण फ्लिन माझ्या कोंबड्यांची अंडी खातो एवढं माहीत असलं तरी माझा आठवडा निघायचा.

आता रंगाचं.

जूनमध्ये, हिवाळ्यात, आत्या म्हणाली की तुमचा घरमालक घर विकतोय आणि वर्षअखेरीला तुम्हाला निघावं लागेल. हर्वी बेमध्ये भाड्यानं घर मिळत नाही म्हणाली. मग चहा पिता पिता, सहज, म्हणाली, "हे एवढं मोठं घर, आणि त्यात तू एकटा." बस, एवढंच. तिनं तुझ्याकडून काही आणलं नव्हतं. तू यायला कबूल आहेस असं कुणी म्हणालं नव्हतं. मीच ते डोक्यात घेतलं. व्हरांड्याचा बंद केलेला कोपरा, जिथे लहानपणी तुझी खाट होती, तो फ्लिनला द्यायचा. समोरची खोली तुम्हा दोघांना. तुझ्या खिडक्या रंगानं अशा चिकटून बसल्या होत्या की उघडायच्या नाहीत, भिंतीच्या फळ्यांवरून पापुद्रे लोंबत होते. म्हटलं, सगळं खरवडून लाकडापर्यंत जायचं आणि नव्यानं रंगवायचं. मग पत्र लिहायचं, की घर तयार आहे, हवं तर बघायला ये. ते पत्र मी मनात बऱ्याचदा लिहिलं होतं. हे त्यासाठी आणलेल्या कागदावर लिहितोय.

हार्डवेअरच्या दुकानात रंग घासून काढायचं यंत्र, मोठा सँडर, भाड्यानं देतात. तिथल्या माणसानं विचारलं, घर कधीचं? मी म्हटलं, माझ्या आजोबांनी बांधलेलं. तो म्हणाला, मग हा लावू नका. जुन्या रंगात शिसं असतं, कोरडं घासलं की सगळं हवेत जातं. रंग ओला करा, हातानं खरवडा, खाली प्लास्टिक अंथरा आणि जे निघेल ते गुंडाळून बाहेर न्या. नाहीतर लेप लावून रंग फुगवून काढा. माणूस चांगला होता, सगळं समजावून सांगत होता. आणि मी काय ऐकलं? की असं केलं तर मी ख्रिसमसपर्यंत एक भिंत करीन. मी सँडर घेऊन आलो.

आणि मला माहीत नव्हतं असं म्हणू नकोस. इकडे कुणाला माहीत नसतं? लहानपणी आम्ही कोणी व्हरांड्याच्या कठड्याला तोंड लावलं की आई पाठीत धपाटा घालायची. कठडे चाटणारी मुलं कशी मंद होतात, कशी पाय ओढत चालतात, हे सांगून आम्हाला घाबरवायचे. मीही तुला धपाटा घातला असेल. मला वाटलं, शिसं म्हणजे कठडा चाटणं. मी काही भिंत चाटणार नव्हतो.

मी तोंडाला मास्क लावला होता, चांगला, दोन्ही बाजूंना गाळणीचे डबे असलेला. डॉसनबाईंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर धूळ जाऊ नये म्हणून व्हरांड्याला चारी बाजूंनी जुन्या चादरी टांगल्या. आतल्या खिडक्या-दारांना चिकटपट्ट्या लावल्या. माझ्या मते मी फार काळजी घेत होतो. सँडर सुरू केला की कानात दुसरं काही शिरत नाही, आणि ते मला बरं वाटायचं. वरचा क्रीम रंग जायचा, खाली हिरवा यायचा, तुझ्या आजीच्या वेळचा, त्याखाली पांढरा, जाड, पिठासारखा उडणारा. मग लाकूड. लाकूड दिसलं की मी हात फिरवायचो. इतकी वर्षं बस चालवल्यावर आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की मी घरासाठी काहीतरी करतोय.

संध्याकाळी व्हरांड्यावर धुळीचा थर असायचा. मग मी काय केलं, तर जे आपण नेहमी करतो ते. झाडू घेतला आणि फळ्यांच्या फटीतून सगळं खाली लोटलं. तुझी आई तसंच झाडायची, तिच्याआधी माझी आई तसंच झाडायची. घर खांबांवर उभं, व्हरांड्याचा कचरा त्याच्याखाली जातो, आणि तिथे काय असतं, खांब आणि माती. सुपडीत भरायला कुणी जात नाही. सगळा रंग निघेपर्यंत रोज मी ते खाली लोटत होतो. दमल्यावर आणखी वाकावं लागलं नाही म्हणून खूश होतो.

घराखालच्या मातीत कोंबड्या बसतात. तुला आठवत असेल, दुपारी ऊन वाढलं की त्या खाली शिरायच्या आणि खड्डे करून अंगावर माती उडवत लोळायच्या. ती माती मऊ असते, कोरडी असते. यंदा तर ती पिठासारखी मऊ झाली होती. मी वरून फटीतून पाहायचो, लोळतायत, चोच मारतायत. रंगाचे पांढरे कपचे टिपत होत्या. मी पाहिलं होतं ब्रॉन, आणि मला काही वाटलं नाही.

नोएलीन विचारतेय, कुठवर आलास. मी म्हटलं, कोंबड्यांपर्यंत. ती म्हणाली, "घाई कर, पण काही गाळू नकोस." ती खिडकीशी जाऊन उभी राहिलीय. तिला रडताना कुणी पाहिलेलं चालत नाही.

आधी एक कोंबडी लंगडायला लागली. मला वाटलं, गोचीड. मग दुसरीचे पंख लोंबू लागले आणि ती कोपऱ्यात मान टाकून बसायला लागली. ती मेली तेव्हा मी तिला प्राण्यांच्या डॉक्टरकडे नेलं. मुलगी तरुण आहे, गेल्याच वर्षी दवाखाना घातलाय. तिनं कोंबडी तपासायला पाठवली आणि मला म्हणाली, जी अंडी असतील ती पण आणून द्या. मग तिनं विचारलं, घरी काही रंगकाम काढलंय का? मी म्हटलं, हो. तिनं विचारलं, घर जुनं आहे? मी म्हटलं, हो. तिनं पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "अंडी कोण खातं?"

मी म्हटलं, मीच.

ती म्हणाली, निकाल येईपर्यंत एकही खाऊ नका आणि कुणाला देऊ नका. कोंबड्या मातीतून शिसं खातात आणि ते अंड्यातल्या पिवळ्या भागात उतरतं. बाहेरून काही कळत नाही, चव तीच, रंग तोच. लहान मुलांना तर चुकूनही देऊ नका, असं ती शेवटी म्हणाली, जाता जाता, सगळ्यांना सांगतात तसं.

निकाल काल संध्याकाळी आला. तिनं आकडा सांगितला, तो मी वेगळ्या कागदावर लिहून दिलाय, आत्याकडे आहे. तो तुमच्या डॉक्टरला दे. रात्री कुणाला फोन करायचं धाडस मला झालं नाही. आज सकाळी नोएलीन डबा घ्यायला बाजारात आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं, तिथेच, टाउन हॉलच्या पायऱ्यांवर. तिनं मला हाताला धरून घरी आणलं आणि तुला फोन लावला.

नोएलीनला वाटतं की मला हे काल कळलं.

हे मी गाळू शकलो असतो. तिनं वाचलं तरी तिला कळलं नसतं, तुलाही कळलं नसतं. प्राण्यांच्या डॉक्टरकडे मी गेलो तो मंगळवार होता, पण या आठवड्यातला नाही, गेल्या आठवड्यातला. म्हणजे ज्या गुरुवारी तुला कामावर जायचं होतं आणि तू फ्लिनला आत्याकडे ठेवलंस, त्याच्या दोन दिवस आधी.

त्या गुरुवारी मी आत्याला सांगणार होतो की कोंबड्यांनी अंडी देणं थांबवलंय. वाक्य ठरवून ठेवलं होतं. मग डबा बरोबर कशाला नेलास, असं तू विचारशील. मला माहीत नाही. दोन्ही मनात होतं. रिकाम्या हातानं मी त्या कोपऱ्यावर कधी उभा राहिलो नव्हतो. आणि आत्या आली तर तिच्या हाताला धरून फ्लिन.

तिनं मला आधी सांगितलं नव्हतं. तिला वाटलं असेल, डेसला आनंद होईल. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला, एका पायावर सगळा भार टाकून, तुझी आई उभी राहायची तसा. त्यानं मला खालून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "तू अंडीवाला का?"

मी म्हटलं, "हो."

"तुझ्या कोंबड्यांना नावं आहेत?"

मी म्हटलं, आहेत. त्यानं सगळ्यांची विचारली, मी सांगितली. एकीचं नाव मिसेस बिस्किट आहे हे ऐकून तो एवढा हसला की आत्यालाही हसू आलं. मग म्हणाला, माझ्या पोटात दुखतं पण तुझ्या अंड्यानं दुखत नाही. टोस्टच्या काड्या पिवळ्यात बुडवून कशा खायच्या ते त्यानं मला हातानं करून दाखवलं. मग दोन्ही हात पुढे केले. डबा मीच उचलणार, म्हणाला.

त्याचे हात पुढे होते, ब्रॉन, आणि डबा माझ्या काखेत होता. मला सगळं माहीत होतं. लहान मुलांना चुकूनही देऊ नका, हे ती म्हणाली होती आणि मी ऐकलं होतं. मी म्हणू शकलो असतो, आज नाही रे, पुढच्या वेळी. मी म्हणू शकलो असतो, अरे, पडली, फुटली, आणि तिथेच खाली टाकू शकलो असतो. मला वाटलं, निकाल अजून यायचाय, असेल काही नसेल. मला वाटलं, एका डब्यानं काय होतंय. अशी सगळी मनाची समजूत घातली मी. खरं एवढंच होतं की त्याच्या हातात काही न देता त्याला परत पाठवणं मला जमलं नाही. मी डबा दिला. मोठा डबा, कारण आत्या म्हणाली होती की तो हल्ली दुसरं काही खात नाही.

हेही लिहितो. तो जेवत नाही, चिडचिड करतो, पोट धरून बसतो, डॉक्टर म्हणतात पोट साफ होत नाही म्हणून, हे आत्यानं मला महिन्याभरापूर्वीच सांगितलं होतं. अंडं तेवढं खातो म्हणाली. तेव्हापासून मी जास्त पाठवत होतो. ताकद येईल म्हणून.

डॉक्टरांना हे सगळं सांग. रंग काढायला मी ऑगस्टच्या सुरुवातीला लागलो. त्याआधीच्या अंड्यांत काही नसावं. त्यानंतरची सगळी धर. आणि गेल्या आठवड्याची सर्वांत वाईट धर, कारण तोवर कोंबड्या आजारी पडल्या होत्या आणि डब्यात अंडी दुप्पट होती. त्यांना हे कळलं नाही तर ते कमी धरून चालतील, म्हणून मी ते गाळलं नाही. नाहीतर मी गाळलं असतं, ब्रॉन. मी तेवढा चांगला माणूस नाही हे तुला माझ्यापेक्षा आधी कळलंय.

आणखी एक आहे. ते मला माहीत असायला नको. तू पुन्हा आई होणार आहेस. आत्याच्या तोंडून निसटलं, तिनं लगेच तोंडावर हात ठेवला आणि मला शपथ घातली. ती शपथ मी आत्ता मोडतोय आणि ती तिथे खिडकीशी उभी आहे. तूही ती अंडी खाल्ली असशील. तुझंही रक्त तपासून घे. पोटातल्या बाळाला ते पोचतं. मी रात्रभर तेच वाचत होतो आणि मला अर्धं समजलं नाही, पण पोचतं एवढं समजलं. डॉक्टरांना आधी तेच सांग, फ्लिनच्याही आधी नाही म्हणत, पण बरोबरच सांग.

मी वाचलंय की वेळेवर कळलं तर उपाय असतात. मुलं बरी होतात, असंही लिहिलंय. किती बरी होतात ते प्रत्येकानं वेगळं लिहिलंय. मी कुठल्या देवाला फारसा मानत आलो नाही, चर्चमध्ये तुझ्या आईच्या मागून जायचो. आज पहाटे व्हरांड्यावर त्या उघड्या लाकडासमोर गुडघे टेकून बसलो होतो. मला काही मागताही येईना. माझंही रक्त तपासायचंय, त्याचं सोड. सगळं माझ्यात उतरू दे आणि त्याच्यात काही नसू दे, असं झालं असतं तर मी ती धूळ चमच्यानं खाल्ली असती. असं होत नाही ते मला कळतं.

कोंबड्या आज दुपारी जातील. घराखाली कुणी जाऊ नये म्हणून मी दोरी बांधलीय. नगरपालिकेला कळवलंय, त्यांची माणसं येऊन माती काढून नेतील. डॉसनबाईंना मी स्वतः जाऊन सांगितलं, त्यांची नात इथे खेळायला यायची. त्यांनी दार लावून घेतलं. तू या घरात पाय ठेवू नकोस. मी ज्या कारणासाठी हे सुरू केलं ते कारण आता उरलं नाही. तुम्हाला राहायला जागा लागेलच, तेव्हा मार्टिनला म्हणावं, आत्याकडे मागची खोली आहे, मी तिला विचारून ठेवलंय, ती हो म्हणालीय.

काय झालं ते मला कळवू नकोस, असं मी इथे लिहिणार होतो. शहाणपणाचं वाटलं असतं ते. पण मला खोटं लिहायचं नाही. कळव. आत्याजवळ सांग, एका शब्दात सांग, रागानं सांग. मी फोनपाशी बसून आहे.

नोएलीननं किल्ली उचललीय. तिनं आत्ता माझ्या खांद्यावर हात ठेवला. गेल्या गुरुवारचं तिनं अजून वाचलेलं नाही. तू वाचल्यावर पत्र तिच्या हातात दे, म्हणजे तोही हात ती काढून घेईल, आणि ते बरोबरच होईल.

शेवटचं. तिथे तुला विचारतील की ही अंडी आली कुठून. त्यांना लिहून घ्यावं लागतं. तेव्हा बाजारातल्या एका माणसाकडून, असं सांगू नकोस. माझ्या वडिलांनी दिली, असं सांग. डेस्मंड हार्टिगन, मुलाचे आजोबा, असं नाव घालून सांग. तीन वर्षं तुझ्या तोंडून ते यावं म्हणून मी काय काय केलं, आणि ते असं यायचं होतं.

तुझा बाबा,
ज्यानं फ्लिनच्या हातात ती अंडी दिली